पुढचा बाक आणि तीन महिन्यांची तयारी

लेकीला मूल झालं की आपल्या पदरात काय काय पडणार, याची यादी ओरीआकूला तोंडपाठ होती. बाळ-बाळंतिणीची अंघोळ, शेक, खाणंपिणं बघायला आईने लेकीच्या घरी जाऊन राहायचं, याला ओमुग्वो म्हणतात. आणि ओमुग्वोहून कुणी रिकाम्या हाताने परतत नाही. तीन महिने एनुगू शहरात पंख्याखाली झोप. निघताना जावयाकडून भरजरी कापडाची जोडी, तांदळाचं पोतं, वाळवलेल्या माशांची टोपली, जमलाच तर फोन. पण यादीत सगळ्यात वर होता तो एक साधा लाकडी बाक.

दर ऑगस्टमध्ये गावच्या बायकांची सभा भरते. शहरात गेलेल्या बायकाही झाडून येतात, कारण न येणारीला दंड असतो. त्या सभेत पहिल्या बाकावर बसतात त्या ओमुग्वो करून आलेल्या. असं कुठे लिहिलेलं नाही, पण लिहिलेल्या नियमांपेक्षा ते जास्त कसोशीने पाळलं जातं. ओरीआकूला एकच लेक, उझोमा. तिच्या लग्नाला दोन वर्षं झाली तरी ओरीआकू आपली सहाव्या बाकावर, खांबाच्या मागे. यंदा ओमुग्वो करून आलेली ममा डुबेम नवीकोरी जोडी सळसळवत पुढे जाताना मुद्दाम थांबली.

"मागे बरं वाटतं ना गं तुला? वारा लागत असेल."

"वारा लागतो," ओरीआकू म्हणाली, "आणि सगळ्यांच्या पाठी दिसतात. तुझ्या जोडीची शिवण मागून उसवलीय."

उसवलेली नव्हती. पण ममा डुबेम दिवसभर पाठीवर हात नेऊन चाचपत राहिली, तेवढीच त्या दिवसाची कमाई.

संध्याकाळी तिने लेकीला फोन लावला.

"ममा, आमचं ठरलंय," उझोमा म्हणाली. "पण दवाखान्यातल्या सिस्टर बेनिता म्हणाल्या, आधी तीन महिने तयारी करा."

"कसली तयारी? लग्नाची एवढी तयारी केली, ती पुरली नाही?"

"शरीराची, ममा. माझं रक्त कमी आहे, वजन जास्त आहे. मला रोज एक फॉलिक अ‍ॅसिडची गोळी, पालेभाजी, दहाच्या आत झोप. ओकेझीची बीअर बंद, सिगारेट बंद, घट्ट पँटी बंद. मांडीवर लॅपटॉप घेऊन बसायचं नाही. आणि रोज अर्धा तास चालायचं."

ओरीआकूने फोन ठेवला आणि बोटं मोजली. या महिन्यात दिवस राहिले तर मूल मे महिन्यात. दोन-अडीच महिने ओमुग्वो करून पुढच्या सभेला नवी जोडी नेसून हजर. पण मध्ये हे तीन महिने घुसवले, तर मूल ऑगस्टलाच टेकणार आणि बाक आणखी वर्षभर लांबणार.

ती कसावाच्या पिठाची घाऊक विक्री करायची. एका बाईचं तीन दिवसांचं काम तीन बायका लावून एका दिवसात उरकतं, हे तिला कुणी शिकवायला नको होतं. म्हणजे तीन महिन्यांची तयारी तिप्पट रेटली की एका महिन्यात झाली. रेटायला माणूस हवं, एवढंच. तिने यामचे कंद, पामतेल आणि उगूच्या पालेभाजीच्या जुड्या बांधल्या आणि तिसऱ्या दिवशी ती एनुगूला लेकीच्या दारात उभी राहिली. मूल होण्याआधी आलेल्या सासूला काय द्यायचं, याचा रिवाज कुणीच घालून दिलेला नाही. त्यामुळे बसभाडं, कंद आणि तेल सगळं तिच्याच खर्चाने आलं.

सुरुवात तिने लेकीपासून केली. "रोज एक कशाला? तीन घे."

उझोमाने गोळ्या बिस्किटाच्या डब्यात घातल्या, डब्याला कुलूप लावलं आणि किल्ली गळ्यात अडकवली. "सिस्टरनी एक सांगितली की एक. भाजी मात्र तू म्हणशील तेवढी खाईन."

मग राहिला जावई.

ओकेझीचं सिमेंटचं दुकान होतं. माणूस गुबगुबीत, आज्ञाधारक, आणि सासूसमोर आवाज न चढवण्याच्या संस्कारात वाढलेला. ओरीआकूने त्याला पहाटे टेकडीपर्यंत चालवलं, संध्याकाळी पुन्हा चालवलं. दुपारी तो सुटला असं वाटत होतं, तर ती डोक्यावर जेवणाचा डबा घेऊन दुकानात हजर.

"जावईबुवा, हे हमाल बसलेत कशाला?"

"पोती उतरवायला, ममा."

"त्यांना मुलं किती?"

हमालांनी सांगितलं, एकाला चार, एकाला पाच.

"बघा. पोती कोण उचलतं आणि मुलं कोणाला होतात ते. उठा."

मालक पोती उचलतो आहे आणि हमाल सावलीत बसून त्याच्या सासूच्या हातचं खात आहेत, हे बघायला बाजारातले लोक उगाच सिमेंटचा भाव विचारून जाऊ लागले. पँटींचाही निकाल लागला. ओरीआकूने त्याच्या सगळ्या घट्ट पँटी शिंप्याकडे टाकल्या आणि त्याला सैल झब्ब्यात बसवलं. लोक त्याला "सरदार, लवाजमा कुठाय" म्हणून विचारू लागले. तरीही ओकेझी कुरकुरला नाही. उलट संध्याकाळी मागच्या ओट्यावर बसून तो बिनदारूच्या माल्टच्या दोन बाटल्या इतक्या समाधानाने प्यायचा की सासूला भरून यायचं. बीअर सोडलेला माणूस लहान मुलासारखा गोड माल्ट पितो आहे, याहून चांगलं लक्षण कोणतं?

सप्टेंबर उजाडला, पहिला आठवडा सरत आला. एका रविवारी उझोमा चर्चमधून यायची होती, ओकेझी दुकानाचा हिशेब घेऊन बसला होता, आणि ओरीआकू मसाला कांडून घामाघूम झाली होती. तिने फ्रिजमधली एक माल्टची बाटली काढली. झाकण जरा सैलच होतं. चव कडवट लागली. शहरात साखर महाग झाली असेल, असं म्हणून तिने ती संपवली आणि कडवटपणा जावा म्हणून दुसरी घेतली.

उझोमा घरी आली तेव्हा आई ओट्यावर उभी राहून समोरच्या इमारतीच्या तिन्ही मजल्यांना उद्देशून बोलत होती.

"तीन महिने म्हणे. सिस्टरचं काय जातं? तिला सहाव्या बाकावर बसावं लागतं का? मला मे महिन्यात मूल पाहिजे. मे. जूनसुद्धा चालेल, पण मग जोडी आधी शिवायला टाकावी लागेल."

"लाल की निळी, ममा?" दुसऱ्या मजल्यावरच्या बाईने विचारलं.

"शेंदरी," ओरीआकू म्हणाली आणि सभेचं गाणं म्हणायला लागली.

उझोमाने आईला खाली बसवलं, बाटली उचलली आणि नाकाशी नेली. माल्टही काळं, स्टाउट बीअरही काळीच. माल्टच्या रिकाम्या बाटलीत ओतली तर डोळ्यांना पत्ता लागत नाही.

"ओकेझी," तिने नेहमीच्याच आवाजात हाक मारली. तो आवाज ऐकूनच ओकेझी हिशेबाची वही मिटून आला.

"रोज दोनच," तो म्हणाला. "ममा मला इतकं चालवतात, उझोमा. अंग दुखतं."

"दोघंही उद्या माझ्याबरोबर दवाखान्यात या."

सिस्टर बेनिताने सगळं ऐकून घेतलं. ती हसली नाही, आणि तेच दोघांना जास्त लागलं. मग ती ओरीआकूकडे वळली.

"ममा, तुम्ही याम लावता ना? रोज तिप्पट पाणी घातलं तर कंद महिन्यात पोसतो?"

"कुजतो," ओरीआकू म्हणाली.

"पुरुषाचं बीजही तयार व्हायला अडीच महिने घेतं. आज त्याच्या अंगात जे बनतं, ते नोव्हेंबरच्या मध्यावर कामी येणार. तुमच्या जावयाचे हे तीन आठवडे बीअरमध्ये गेले. ते धरू नका. आजपासून मोजा. आणि मोजूनही लगेच होईलच असं नाही, काहींना वर्ष लागतं. रोज अर्धा तास चालणं पुरे, पोती नकोत. पाठ धरली तर बसेल घरी."

ओरीआकूने बोटं मोजली नाहीत. मे गेला होता, जूनही गेला होता. बाहेर पडल्यावर ओकेझीच म्हणाला, "चुकलं, ममा."

"चुकलं दोघांचंही," ती म्हणाली. "पण माझं आंबवलेलं नव्हतं."

त्या रात्री तिने परतीची पिशवी भरली आणि सकाळी पुन्हा रिकामी केली. अर्धवट कांडलेला मसाला टाकून जायची तिला सवय नव्हती. नोव्हेंबरपर्यंत ती राहिली. रोज एक गोळी, एक फेरी, ताटभर उगू. उझोमाचं पाच किलो वजन उतरलं, रक्त वाढलं. ओकेझीच्या माल्टची झाकणं आता ओरीआकू स्वतः उघडायची आणि पहिला घोट स्वतः घ्यायची. डिसेंबरच्या कोरड्या वाऱ्यात तिच्या गावच्या घराचं दार धुळीने माखलं, तेव्हा उझोमाचा फोन आला. सिस्टरने बाळंतपणाची तारीख दिली होती, ऑगस्टची बारा.

सभा तेराला होती.

मुलगी अकराला झाली. तेराच्या सकाळी गावच्या सभागृहात पहिल्या बाकावर ममा डुबेम होती, आणि ओरीआकू एनुगूला नातीला मांडीवर आडवी घालून कोमट पाण्याने न्हाऊ घालत होती. तीन आठवडे आधी जन्मली असती, तर पोर एक दिवस आईवर सोडून ती बाकावर बसून आली असती. दुपारी सभेचा फोन आला, गैरहजेरीचा दंड, एक खोकं माल्ट.

"मी गावातल्या बहिणीला सांगते द्यायला," ओरीआकू म्हणाली.

"नको, ममा," ओकेझी म्हणाला. "ते तीन आठवडे माझे होते."

तेव्हा शेवटचा हिशेब असा. सिस्टर बेनिताचं काही गेलं नाही. उझोमाने पाच किलो दिले आणि साडेतीन किलोंची मुलगी घेतली. ओरीआकूने कंद, तेल, तीन महिन्यांचा धंदा आणि एका वर्षाचा बाक दिला. शेंदरी जोडी मिळाली, पण ती अजून घडीतच आहे. आणि दंडाचं खोकं ओकेझीने भरलं. ते गावच्या बसमध्ये चढवण्याआधी सासूने चोवीसच्या चोवीस झाकणं अंगठ्याने दाबून पाहिली.