हिरवा चुडा

आमची इंदू नन झाली हे सांगताना घरातले लोक आवाज खाली करतात. मी नाही करत. मी तिची सख्खी आत्या, जानकी. प्रेमनगरच्या चौकात उभी राहून सांगेन, कुणाच्या बापाला भिते की काय!

आम्ही मूळचे नगरकडचे ख्रिस्ती. आजोबा रेल्वेच्या कारखान्यात लागले आणि आम्ही झाशीचे झालो. धर्म बदलला, पण घरची रीत सुटली नाही. मंगळसूत्र आहेच, फक्त त्यात क्रूस. माझा भाऊ जगन्नाथ गेला तेव्हा वहिनीच्या, अनुसूयेच्या, बांगड्या बायकांनी अंगणातल्या दगडावर फोडल्या. तेव्हापासून तिचे हात मोकळे. इंदूच्या हातात लग्नाचा चुडा बघायचा, एवढ्यावर ती जगत होती.

इंदू काही जन्माची संन्याशीण नव्हती बरं! बडा बाजारात बांगड्यांच्या दुकानापुढून तिला ओढून न्यावं लागायचं. नर्स झाली, चांगलं स्थळ आलं, मुलगा तिलाही आवडला. आणि एक दिवस म्हणते, "आई, मला कॉन्व्हेंटात जायचंय."

"काय कमी पडलं गं तुला इथं?" वहिनी फणकारली.

"काहीच नाही. मुलगा चांगला आहे, घरही सोडवत नाही. पण प्रार्थनेला बसले की तहान लागल्यासारखं होतं, आई. बाकी कशानं ती भागत नाही."

वहिनीने कितीतरी दिवस अबोला धरला.

तेव्हा, म्हणजे अठ्ठावन्न सालच्या सुमारास, रीत अशी होती की झगा घ्यायच्या दिवशी मुलगी चर्चमध्ये नवरी होऊन यायची, ख्रिस्ताची नवरी. मग आत जाऊन सगळा साज उतरवायचा आणि ननचा झगा घालून बाहेर यायचं. हे ऐकलं मात्र, वहिनी ताडकन उठली. "नवरी ना? मग माझ्या पद्धतीची!" शालू काढला, इंदूला घेऊन बडा बाजारातल्या मनिहाराकडे, म्हणजे बांगडीवाल्याकडे, गेली. "भैया, दुल्हन है," एवढंच सांगितलं. त्याने नवरीला भरतात तशा, हात दाबदाबून, मनगटाला घट्ट बसणाऱ्या हिरव्या बांगड्या भरल्या. त्या लगेच उतरवायच्या आहेत हे त्याला कुठून ठाऊक? आम्हा शहाण्यांच्या तरी कुठं ध्यानात आलं!

व्हायचं तेच झालं. बाहेर बिशपसाहेब आणि सगळं चर्च खोळंबलेलं. आत खोलीत शालू उतरला, बांगड्या उतरेनात. कॉन्व्हेंटच्या मदर म्हणाल्या, "तोड़ दीजिए, अनुसूया जी."

"नाही!" वहिनी किंचाळलीच. "माझ्या डोळ्यांदेखत पोरीचा चुडा फुटू देणार नाही! घरी घेऊन जाते मी तिला." आणि खरंच इंदूचं मनगट धरून तिने दाराकडे ओढलं.

इंदू जागची हलली नाही. डोळे भरले होते पोरीचे, पण आवाज पक्का. "आई, चुडा फुटतो तो नवरा मेल्यावर. माझा एकदा मरून उठलाय. तू कशाला भितेस?"

वहिनी मटकन खाली बसली आणि मला म्हणाली, "वन्सं, साबण आणा."

स्वतःच्या हातांनी तिने एकेक बांगडी काढली. पोरीचा हात सोलवटला, ही मुसमुसत होती, पण थांबली नाही. एकही फुटू दिली नाही. शेवटची निघाली तशी इंदूने त्या सगळ्या उचलल्या आणि आईच्या वाळक्या, मोकळ्या हातांत सरकवल्या. अलगद गेल्या.

पोर पांढऱ्या झग्यात बाहेर आली आणि तिच्या मागून आई, चुडा भरलेली. अहो, अख्खं चर्च माना वळवून बघत होतं. ऊर भरून येणं म्हणजे काय, ते मला त्या दिवशी कळलं.

आता वहिनीच्या शेजारच्या, लक्ष्मी गेटच्या बायका गप्प बसतात होय? दुसऱ्याच दिवशी एकीने गाठलंच. "का हो अनुसूयाबाई, तुमच्या हातात बांगड्या? कुणी भरल्या म्हणायच्या?"

वहिनीने हात चांगला वर नेऊन पदर सावरला. बांगड्या वाजल्या.

"जावयाने," ती म्हणाली.