सोवळ्यातला अंगठा

कृष्णाकाठ शिक्षण मंडळाचे अधिकृत म्हणणे असे होते : ‘“विद्युत्प्रदीप” या क्रमिक पुस्तकात तारेच्या गतीची दिशा सांगताना डाव्या हाताऐवजी उजव्या हाताचा जो नियम दिला आहे, तो दोष नसून आपल्या संस्कृतीची मर्यादा ध्यानी घेऊन विचारपूर्वक केलेली सुधारणा आहे.’

वाक्य घडीव होते. त्यात व्याकरणाची चूक नव्हती, अनुस्वारही जागच्या जागी होते. खोट एवढीच, की ज्या तारेबद्दल ते लिहिले होते तिला मंडळाचा ठराव कोणी वाचून दाखवला नव्हता. चुंबकाच्या दोन टोकांमध्ये टांगलेल्या तारेतून वीज सोडली की तार एका बाजूला उडते. कोणत्या बाजूला, ते सांगण्यासाठी डाव्या हाताची तीन बोटे एकमेकांशी काटकोनात धरायची : तर्जनी चुंबकाच्या रोखाने, मधले बोट विजेच्या रोखाने, मग अंगठा दाखवील तिकडे तार जाणार. हेच उजव्या हाताने केले तर अंगठा नेमकी उलटी दिशा दाखवतो. हात बदलला म्हणून तार आपली वाट बदलीत नाही. चुकतो तो अंगठा. आणि संस्कृतीचेच म्हणाल, तर वीज कोणत्या हाताने जेवते हे अद्याप कोणी पाहिलेले नव्हते.

सांगलीच्या मुलींच्या शाळेतल्या गुणमालाबाई मगदूम यांनी हे सगळे वर्गात सांगितले, फळ्यावर काढले आणि मुलींकडून डावे हात वर करवून घेतले. दुसऱ्या दिवशी एका मुलीने जेवणाच्या पंक्तीत डाव्या हाताची तीन बोटे आजोबांच्या ताटावर रोखली आणि वरणाची वाटी कोणत्या दिशेला उडेल याचे भाकीत केले. आजोबा मंडळाचे देणगीदार होते. आठवड्याच्या आत बाईंना आरोपपत्र आले : ‘मंजूर पुस्तकाविरुद्ध शिकवून मुलींस डावा हात पुढे करण्यास उत्तेजन दिले.’ साताऱ्याच्या बैठकीत खुलासा करावा. तो असमाधानकारक वाटल्यास जूनपासून कामावरून कमी करण्यात येईल, आणि शिकवणारे कोणी नसल्याने मुलींचा शास्त्राचा वर्ग बंद करून त्या तासांना विणकाम ठेवण्यात येईल.

बाईंनी ते पत्र वाचले, त्यातली एक ऱ्हस्व वेलांटी पेन्सिलीने दीर्घ केली आणि त्याची घडी घातली. त्यांचा राग असाच होता. त्यात आवाज नसे. बर्फाच्या लादीतून जशी नुसती वाफ निघते तसे काहीतरी निघे, आणि जवळ बसलेला माणूस शाल पांघरी.

विणकामाच्या सुया ज्या दिवशी आल्या, त्या दिवशी बाईंनी शाळेचा घोड्याच्या नालासारखा मोठा चुंबक पिशवीत घातला आणि साताऱ्याची सर्व्हिस मोटार धरली. कराडच्या अलीकडे कंडक्टर तिकिटे फाडीत त्यांच्यापर्यंत आला, आणि त्याच्या हातातला भोके पाडायचा चिमटा खट्‌कन पिशवीला जाऊन चिकटला. त्याने ओढला. तो सुटला आणि परत चिकटला.

“बाई, पिशवीत काय हाय?” तो दोन पावले मागे सरून म्हणाला.

“क्रमिक पुस्तकाला जोडलेलं साहित्य.”

“मग बरं झालं आमी शाळंत न्हाई गेलो,” असे म्हणून त्याने पुढची तिकिटे हातानेच फाडली.

*

१९४६ साल होते. मंडळाचे अध्यक्ष सुभेदार लालासाहेब जाधव हे इटलीच्या आघाडीवरून परत आले होते. उसाचे रान आणि मंडळाचे अध्यक्षपद त्यांना वडिलांकडून एकदमच मिळाले होते. रानातले त्यांना कळत होते. मंडळातले कळत नाही हेही त्यांना कळत होते, आणि हा गुण अध्यक्षांत दुर्मिळ.

साताऱ्याच्या बैठकीत त्यांच्या उजव्या बाजूला ‘विद्युत्प्रदीप’चे कर्ते आप्पासो नेर्लेकर बसले होते. आप्पासोंचे सोवळे साऱ्या साताऱ्यात गाजलेले होते. लग्न असो, मुंज असो, संस्थानिकांची पंगत असो, परक्या घरी त्यांनी कधी घास घेतला नव्हता. सुपारीचे खांड तेवढे चालत असे. लोक म्हणत, असा नेम आता कुठे राहिला! त्यांच्या समोर टेबलावर पुस्तकाबरोबर विकायची साहित्यपेटी उघडी होती. तीत एक होकायंत्र, दोन बॅटऱ्या आणि शिसवी लाकडात कोरलेला एक पंजा. अंगठा, तर्जनी, मधले बोट ताठ, बाकीची दोन मिटलेली. मागच्या खंडेनवमीला शिक्षकांनी या पंजाची पूजा केली होती, त्यामुळे अंगठ्याच्या नखावर कुंकवाचा ठिपका होता आणि मधल्या बोटात झेंडूची एक वाळकी पाकळी अडकली होती.

“काम दोन हायती,” लालासाहेब म्हणाले. “पुढच्या सालाला कंचं पुस्तक लावायचं, ते एक. आन्‌ बाईंचं दुसरं. मदनराव, वाचा.”

चिटणीस मदन शेटी यांनी तीन पुस्तके पुढे केली. पहिले इंग्रजी. त्यात उष्णता शिकवण्यासाठी बर्फावर घसरणाऱ्या मुलांची चित्रे होती. म्हसवडच्या मुलाने बर्फ पाहिला असेल तर गारांच्या पावसात, आणि तेव्हा तो घसरला नसून घरात पळाला असेल, या कारणास्तव ते बाजूला झाले. दुसरे एका पंडितांनी संस्कृतातून विचार करून मराठीत लिहिलेले. त्यातला ‘लोहकर्षकप्रभावमंडलान्तर्गत’ हा शब्द मदनरावांनी दोनदा प्रयत्न करून अर्ध्यातच सोडला.

“ऱ्हाऊ द्या,” लालासाहेब म्हणाले. “पोरं परीक्षेत शब्द लिवत बसतील, घंटा हुईल. तिसरं?”

“तिसरं माझं,” आप्पासो विनयाने म्हणाले.

“ते बरं हाय का, बाई?”

गुणमालाबाईंना वाटले होते की आरोपीला मत विचारीत नाहीत. त्या उभ्या राहिल्या.

“बरं आहे,” त्या म्हणाल्या. “भाषा सोपी आहे. मोटेचं पाणी आणि विजेचा प्रवाह यांची तुलना तर इतकी चांगली आहे, की मी ती वर्गात चोरली. एकशे बाराव्या पानापर्यंत मी या पुस्तकाच्या प्रेमात होते. एकशे तेराव्या पानावर लेखकाने सृष्टीची मुंज लावली.”

मदनराव खोकल्याच्या निमित्ताने हसले.

“गुणमालाबाई,” आप्पासो म्हणाले, “शास्त्र आलं म्हणून संस्कार सोडावा काय? देवाला फूल आपण उजव्या हातानं वाहतो. प्रसाद उजव्या हातात घेतो. कोवळ्या मुलांना गुरूनंच डावा हात पुढे करायला सांगावं? डावा तो डावाच!”

“पलटणीत आमी पयला पाय डावाच टाकतो,” लालासाहेब मध्येच म्हणाले. “संस्कृती न्हाई बुडाली. जर्मन बुडाला.”

“तो पाय झाला, सुभेदार. हाताचं निराळं.”

“बरं. मग हाताचंच बोलू. हा लाकडी पंजा कुणाचा?”

“माझाच,” आप्पासोंचा चेहरा उजळला. “सुतारासमोर तासभर हात धरून बसलो होतो. रेष न्‌ रेष आहे त्यात.”

गुणमालाबाईंनी पिशवीतून चुंबक काढला. टेबलावर लाकडी चौकट उभी केली, तीत तांब्याची हलकी तार हुकाला सैल टांगली. तारेचे खालचे टोक पाऱ्याच्या वाटीला जेमतेम टेकत होते, आणि तारेच्या मध्यावर त्यांनी कापसाचा एवढासा बोळा बांधून तो तांबड्या शाईत भिजवला.

“चुंबकाची टोकं आप्पासोंनी आपल्या होकायंत्राने ओळखावीत,” त्या म्हणाल्या. “बॅटरीच्या तारा त्यांनीच जोडाव्यात. मी कशाला हात लावणार नाही. डावा तर नाहीच. मग पंजा धरून त्यांनी सांगावं, तार कुठे उडेल.”

आप्पासोंनी टोके ओळखली. पंजा काळजीपूर्वक धरला. कुंकू लावलेला अंगठा खिडकीकडे रोखला गेला.

“खिडकीकडे.”

“म्हणजे भिंतीकडची बाजू कोरडी राहणार?”

“अर्थात.”

“मग तिथे काय ठेवू या? जे खराब होऊ नये असं आपल्याला वाटतं, असं काही?”

सापळा इतका उघडा होता की त्यात शिरणारा उंदीर दाराशी क्षणभर थबकलाच. पण सभेत थबकायची आप्पासोंना सवय नव्हती. त्यांनी ‘विद्युत्प्रदीप’ची आपली स्वतःची, कापडी बांधणीची प्रत उघडली आणि लेखकाचे छायाचित्र वर येईल अशा रीतीने भिंतीच्या बाजूला, तारेला अगदी खेटून, मांडली. छायाचित्रात आप्पासो शेला पांघरून दूर कुठेतरी पाहत होते.

“जोडा,” लालासाहेब म्हणाले.

आप्पासोंनी तार जोडली.

तांब्याच्या तारेला शेल्याचे भान राहिले नाही. ती ताडकन भिंतीकडे उडाली आणि छायाचित्राच्या नाकावर तांबडा ठिपका पडला. उडताना तिचे टोक पाऱ्यातून सुटले, वीज तुटली, तार परत आली, पाऱ्याला टेकली आणि पुन्हा उडाली. ठिपका कपाळावर. पुन्हा. ठिपका मिशीवर. असल्या तारेचे एकदा सांगून समाधान होत नाही. बॅटरी सुटेपर्यंत ती तेच तेच मुद्देसूद सांगत राहते.

“आवं, आवं!” चहा-पोहे घेऊन दारात आलेल्या धोंडुबाई ओरडल्या. “फोटूला गोवर आला की!”

आणि आप्पासोंचा हात विजेच्या वेगाने पुढे गेला, त्याने पुस्तक उचलून बाजूला ठेवले, दुसऱ्या झपाट्यात बॅटरीची तार सोडली, उपरण्याच्या टोकाने ठिपके टिपले. सगळे एका हाताने. चपळ, सराईत, नेमका हात. गुणमालाबाई बघत राहिल्या. तो हात डावा होता.

सभेत हसू पिकले होते. बाईंना मात्र हसू आले नाही. त्यांना आठवली ती आप्पासोंनी टाळलेली पंगत. लग्नांतली, मुंजींतली, संस्थानिकांची. त्यांनी ते तोंडून काढले नाही. राग थंड असला की त्याला एवढे तरी दिसते.

“तार भितीकडं गेली,” लालासाहेब म्हणाले. “म्हंजे बाईंचं खरं. मिटलं?”

“नाही मिटत, सुभेदार,” मदनराव चष्मा पुसत म्हणाले. “आरोप ‘बाई खोटं शिकवतात’ असा नाहीच. आरोप मंजूर पुस्तकाविरुद्ध शिकवण्याचा आहे. पुस्तकात चूक असेल तर ती सुधारण्याचा शिक्षकाला हक्क आहे, नियमातच आहे तसं. पण ती विचारपूर्वक केलेली सुधारणा असेल, तर तार कुठेही उडो, बाईंनी मंडळाचा ठराव मोडला. शिक्षा कायम. चूक की सुधारणा, ते कर्तेच सांगू शकतात.”

“मग आप्पासो, चूक म्हना की.”

आप्पासो पुस्तक छातीशी धरून बसले होते.

“तुमाला जड जात आसंल तर छापखान्याच्या माथी मारू,” लालासाहेब समजुतीने म्हणाले. “खिळे जुळवणाऱ्यानं डाव्याचा उजवा केला म्हनायचं. त्यो काय हितं येतोय सांगायला?”

“त्याने चित्रही जुळवलं काय?” गुणमालाबाई हळूच म्हणाल्या. “आणि हा पंजा?”

“बाई, तुमी तुमच्याच पायावर धोंडा घेताय!”

“असू दे. खोट्या कारणाने वर्ग राहिला, तर मी त्या वर्गात शिकवू काय?”

धोंडुबाईंनी तेवढ्यात पोह्यांच्या बशा मांडल्या. आप्पासोंच्या समोर नेहमीप्रमाणे मांडली नाही.

“ह्यास्नी सुपारी आणते,” त्या म्हणाल्या. “ह्ये भाईरचं खात न्हाईत. लय कडक सोवळं.”

आप्पासोंनी आपल्या हाताकडे पाहिले. बोटे शाईने तांबडी झाली होती. शेजारी टेबलावर शिसवी पंजा पडला होता; तो स्वच्छ होता, कधीच कशात न बुडवलेल्या हातासारखा. गुणमालाबाई त्यांच्याकडे पाहत होत्या. त्यांच्या डोळ्यांत विजय असता तर आप्पासो कदाचित संस्कृतीवर आणखी अर्धा तास बोलले असते. तिथे नुसती वाट पाहणे होते, हुशार विद्यार्थ्याने चुकलेले गणित फळ्यावर स्वतःच पुसावे म्हणून मास्तर पाहतो तशी.

“धोंडुबाई,” ते म्हणाले, “एक बशी इकडे आणा.”

धोंडुबाईंच्या हातातला चमचा खाली पडला. आप्पासोंनी बशी पुढे ओढली, त्याच तांबड्या बोटांनी पोह्यांचा घास घेतला आणि सराईतपणे खाल्ला. एक कणही सांडला नाही. लालासाहेबांनी हाताकडे पाहिले, मग पंजाकडे, मग परत हाताकडे. मिशीखाली काहीतरी हलले. पण ते सुभेदार होते, शरण येणाऱ्यावर हसत नसत.

“मदनराव,” आप्पासो म्हणाले, “लिहून घ्या. आणि ठरावासारखं घडीव करू नका. मी बोलतो तसंच.”

मदनरावांनी टाक उचलला. त्या दिवशीच्या इतिवृत्तात बाईंवरचा आरोप मागे घेतल्याची एक ओळ आहे, ‘विद्युत्प्रदीप’ एकशे तेरावे पान बदलून लावावे अशी दुसरी आहे, आणि विणकामाच्या सुया परत पाठवण्याविषयी तिसरी. त्यांच्याखाली हे आहे :

“नियम मुळात डाव्या हाताचाच आहे, हे मला ठाऊक होतं. ‘डावा’ हा शब्द मुलांच्या पुस्तकात अभद्र दिसेल म्हणून मी कच्च्या खर्ड्यात ‘न जेवायचा हात’ असं लिहिलं. पुढे सुतारासमोर बसायची वेळ आली, तेव्हा खर्डा वाचून मी माझा न जेवायचा हात पुढे केला, आणि मग पंजाबरहुकूम पुस्तकातला मजकूर दुरुस्त केला. यात संस्कृती कुठेच नाही. मी घरी, दार लावून, डाव्या हातानं जेवतो.”