टेबलाखालची आई

आमच्या धाकट्या बहिणीने वर्षभर ऑनलाइन चौथी केली. पटावर नाव तिच्या लेकीचं, एवढंच. गृहपाठ बहीण लिहायची, चित्रं मेहुणे काढायचे, आणि लेक, आमची छकुली, वेणी घालून लॅपटॉपसमोर बसायची. निकाल लागला तेव्हा ‘आमची पहिली आली’ म्हणत बहीण नातेवाइकांत मिरवत सुटली. मोठी बहीण म्हणून लाज वाटली ती मला.

आता पाचवीला खऱ्या शाळेत प्रवेश हवा होता, बाकं असलेल्या. त्यासाठी छकुलीने महिनाभर घर डोक्यावर घेतलं होतं. तिला शेजारी बसणारी मैत्रीण हवी होती. प्रवेशाची तोंडी परीक्षा मात्र कॅमेऱ्यावरच. मूल खोलीत एकटं हवं, अशी अट. बहिणीने अर्थ लावला की ते एकटं दिसलं म्हणजे झालं. बाईसाहेब उशी घेऊन टेबलाखाली शिरल्या. माझं शिलाई मशीन पलीकडच्या खोलीत, तेही बंद ठेवायचा हुकूम सुटला. मी उघड्या दारातून हा तमाशा बघत बसले.

पहिले चार प्रश्न निभावले. मग शाळेच्या बाईंनी विचारलं, "वटवाघूळ पक्षी आहे की सस्तन प्राणी?"

हे छकुलीने सकाळीच मला ऐकवलं होतं, पिल्लांना दूध पाजतं वगैरे. तिने उत्तर द्यायला तोंड उघडलं. तेवढ्यात खालून कुजबुज आली, "पक्षी, पक्षी!"

छकुलीने स्वतःचं उत्तर गिळलं. "पक्षी," ती म्हणाली.

"नाही गं. सस्तन प्राणी."

"असं कसं? उडतं ना ते!" टेबलाखालून आवाज आला, पाठोपाठ डोकं आपटल्याचा. आणि विस्कटलेल्या केसांनी बहीण थेट कॅमेऱ्यात उगवली. वर तोंड करून भांडायला तयार! अक्कल कुठे गहाण टाकली होती कोण जाणे.

बाई भल्या होत्या. "आई, तुम्ही जरा बाहेर थांबा," एवढंच म्हणाल्या. बहीण पाय आपटत निघून गेली. मग बाई छकुलीला म्हणाल्या, "आता चूक-बरोबर काही नाही हं. शाळेत आल्यावर तुला काय करायला आवडेल?"

मी हात जोडून बसले. बोल गं बाई, एवढं तरी बोल.

छकुलीने वाकून टेबलाखाली पाहिलं. मग दाराकडे पाहिलं. मग अगदी शहाण्या मुलीसारखी बाईंना म्हणाली,

"आईला विचारून सांगते."