आर्लिसच्या पांढऱ्या पुंगळ्या

हॉगन नवराबायकोच्या घरात बंदुका दोन, पण काडतूस एकाच मापाचं. मर्लची बंदूक नवी, दणकट. आर्लिसची तिच्या बापाची, म्हातारी, हलकाच बार सोसणारी; जास्त दारूचा बार उडवला तर फुटायचीच. झाडलेल्या काडतुसांच्या रिकाम्या पुंगळ्यांत दारू आणि गोळी मर्ल घरीच पुन्हा भरायचा आणि नियम लग्नापासूनचा होता: निकेलचा मुलामा दिलेल्या पांढऱ्या पुंगळ्या आर्लिसच्या, त्यांत दारू कमी; साध्या पितळेच्या मर्लच्या, त्यांत भरपूर. डब्यावरची चिठ्ठी निघून जाते, खिशात सरमिसळ होते, रंग मात्र कुठे जात नाही. मोंटानाच्या थंडीत हातमोजे काढून अक्षरं वाचत बसायला सवड कुणाला असते?

एल्क या थोराड हरणाच्या शिकारीचा मोसम तोंडावर आला आणि मर्लने नवी टूम काढली.

"यंदापासून सगळं पितळच. मुलाम्याच्या पुंगळ्यांची तोंडं लवकर तडकतात. नसती कटकट."

"तडकू देत. काडतुसांच्या चामडी पट्ट्यात पितळ हिरवं पडतं. मला नको."

"नटवी कुठली! एल्क काय तुझा पट्टा बघायला येणारेय?"

"तुझं तोंड बघून पळतोच की तो. निदान माझा पट्टा तरी बघू दे."

मर्ल खो खो हसला. मग पुंगळ्या पुसता पुसता सहज बोलून गेला, "आणि फरक तरी काय गं त्यांच्यात? सगळ्या पिवळ्याच तर दिसतात."

आर्लिसचा कॉफीचा कप हातातच राहिला. खिडकीतून लख्ख ऊन येत होतं आणि ताटलीतल्या तिच्या पुंगळ्या ताज्या कल्हईसारख्या चमकत होत्या. मर्लचा मोतीबिंदू वाढतोय, पांढरंही पिवळं दिसायला लागेल, असं डॉक्टरने बजावलं होतं. मर्लने त्याला उडवून लावलं होतं.

तिने फळीवरून आपला डबा काढला. कालच मर्लने तो भरून ठेवला होता. आत पांढरी आणि पिवळी काडतुसं शेजारी शेजारी बसली होती. कुठल्यात किती दारू पडली, हे आता वरून बघून कुणालाच सांगता आलं नसतं. तिला धडकी भरली आणि नवऱ्याचा संतापही आला.

"मर्ल, यातलं माझं एक दे."

त्याने बेधडक एक उचलून दिलं. पितळेचं होतं. तिने ते त्याच्या तळहातावर परत ठेवलं, शेजारी एक पांढरं ठेवलं. त्याने दोन्ही खिडकीशी नेली, नाकाला लावली, फिरवून फिरवून पाहिली.

"यातलं एक पांढरं आहे का?" शेवटी त्याने हळूच विचारलं.

"आहे."

मर्लने दोन्ही काडतुसं टेबलावर ठेवली. मग भरलेलं काडतूस आत अडकवून ठोकलं की गोळी नि दारू सुटी करणारा हातोडा खुंटीवरून काढून त्याने तिच्या हातात दिला. "सगळी मोकळी कर. माझ्या डब्यातलीसुद्धा."

ती ठोकत बसली. तो समोर दोन वाट्या घेऊन बसला आणि मोकळी झालेली एकेक पुंगळी तिच्यापुढे धरू लागला.

"ही कुणाची?"

"तुझी."

"आणि ही?"

"माझी."

ती त्याने जपून तिच्या वाटीत ठेवली.