घरात दोन बाळंतिणी

भागीबाईच्या ओट्यावर पाय ठेवायच्या आधीच लंकाबाईला रडणं ऐकू आलं, आणि ते सायलीच्या पोराचं नव्हतं. पंधरा वर्षं गावात आशाताई म्हणून दारोदार फिरल्यावर एवढं कळतंच. सायलीचा मुलगा आज बेचाळीस दिवसांचा. तो रडला की शेजारची कुत्री उठून जातात. हे रडणं बारीक होतं, दमून थांबत होतं आणि पुन्हा सुरू होत होतं.

आत भागीबाई नातीला खांद्यावर घेऊन फेऱ्या मारत होती. नात म्हणजे तिच्या लेकीची, अंजलीची मुलगी, जेमतेम पंधरा दिवसांची. सून आणि लेक दोघी महिन्याभराच्या अंतरानं बाळंत झालेल्या, त्यात लेक माहेरी आलेली. त्यामुळे घरात जिकडे बघावं तिकडे लंगोट वाळत होते.

"अंजली कुठंय?" लंकाबाईनं विचारलं.

"सुरगाण्याला दवाखान्यात नेली. पहाटंपासून तापानं फणफणत होती. शेजारच्याच्या मोटारसायकलवर मधी बसवली, मागून तिचा बा धरून बसला. पोरीला कुठं घेणार त्यात? म्हटलं राहू दे, घरात दुसरी ओली बाळंतीण हाय की. तूच म्हणाली होतीस ना, सायलीच्या अंगावर दोन पोरं पोसतील इतकं दूध हाय."

म्हणाली होती खरी. चांगलं घसा ताणून, चार बायांच्या देखत म्हणाली होती. आता स्वतःच्याच थोबाडीत मारून घ्यावीशी वाटली तिला.

तसं म्हणायला कारण होतं. सायलीला पाचव्या महिन्यात एचआयव्ही निघाला, पाठोपाठ तिच्या नवऱ्यालाही. तिच्या गोळ्या सुरू झाल्या. पोराला जन्मल्या दिवसापासून रोज एक पातळ औषध सुरू झालं. घरात त्याला सगळे ताकदीचं औषध म्हणत. आणि सहा महिने पोराच्या पोटात आईच्या दुधाशिवाय काही जाऊ द्यायचं नाही, वरचं आणि अंगावरचं मिसळलं की धोका वाढतो, असं तालुक्याच्या दवाखान्यातल्या मृण्मयी मॅडमनी दहा वेळा बजावलं होतं. इकडं भागीबाई तिसऱ्याच दिवशी शेळीचं दूध आणि मध घेऊन तयार. मग लंकाबाईनं ती वाटी उचलून अंगणात ओतली आणि सुनेच्या दुधाची अशी काही तारीफ केली की सासूची छाती फुगली.

खरं काय ते गावात फक्त सायलीला आणि लंकाबाईला ठाऊक होतं. तिसरा अमोल, सायलीचा नवरा, तो अंबडला कंपनीत. "पोराचा रिपोर्ट येऊ द्या, आईला मीच सांगतो," असं फोनवर सांगून हा गडी मोकळा झाला होता. घरात तोंड शिवून राहायचं ते बायकोनं. लंकाबाईला त्याचा मनातून लय राग होता. त्या रिपोर्टासाठीच आज दहाच्या जीपनं सायलीला आणि पोराला सुरगाण्याला न्यायचं होतं. टाचेतून रक्त घ्यायचं होतं.

"आणि ही महाराणी बघ," भागीबाईनं कोपऱ्याकडे मान उडवली. "म्हणते, दूध आटलं. पोलकं काय घामानं भिजलंय का?"

सायली भिंतीला टेकून, आपलं पोर मांडीवर घेऊन बसली होती. नणंदेच्या पोरीच्या रडण्यानं तिला पान्हा फुटला होता आणि पोलकं दोन्हीकडून ओलं झालं होतं. तिनं मान वर केली नाही.

"भागीबाय, तिच्या गोळ्या चालू हायत," लंकाबाई म्हणाली. "गोळ्यांचं दुधात उतरतं. दुसऱ्या पोराला बाधंल."

"मग तिचं पोर कसं पितंय?"

आता बोला. लंकाबाईनं दुसरीच वाट धरली.

"मग शेळीचं पाज थोडं, आजच्यापुरतं..."

"वाटी कोणी ओतली? माझ्या अंगणात ओतलीस, लंका. म्हणलीस, पोरांच्या पोटात दुसरं काय जाऊ द्यायचं नाय."

"बरं, जीप येतेच. पोरीला तिच्या आईकडंच नेऊ. तासाभराचा तर रस्ता."

"घरात दूध असताना तासभर रडवू? पहाटंपासून तिच्या पोटात काय नाय."

सांगायचं की नाही, हे सायलीचं सायलीनं ठरवायचं, तुम्ही अवाक्षर काढायचं नाही, हे मॅडमचं बोलणं लंकाबाईनं गाठीला बांधलं होतं. आणि मॅडमनी सांगायला कशाला हवं? मागच्या साली वरच्या पाड्यावर एकीचं असंच बाहेर फुटलं. आधी ताट वेगळं झालं, मग बाज गोठ्यात गेली, मग बाई पोरासकट माहेरी. त्या धावपळीत तिच्या गोळ्या तुटल्या आणि पोराचं औषधही. लंकाबाई दोनदा तिच्या माहेरच्या गावी जाऊन आली, पण बाई पुन्हा दवाखान्याची पायरी चढली नाही. इथंही तेच झालं तर बेचाळीस दिवस राखलेलं सगळं मातीत जाणार होतं.

आणि गप्प बसावं तर ही दुसरी पोर. हिला ना औषध, ना काही.

भागीबाईची सहनशक्ती संपली. ती सायलीसमोर येऊन बसली, तिच्या मांडीवरचं पोर उचलून गोधडीवर ठेवलं, नातीला तिच्या मांडीवर घातलं आणि सुनेच्या पोलक्याच्या हुकांना हात घातला. "नणंदेचं पोर परकं वाटतं व्हय गं तुला? दूध काय विकत आणलंयस?"

सायलीनं दोन्ही हात छातीशी घट्ट आवळले. पोरीला दुधाचा वास आला असावा. तिचं रडणं थांबलं आणि ती तोंड उघडून इकडंतिकडं शोधायला लागली.

लंकाबाई पुढं झाली आणि तिनं भागीबाईचं मनगट धरलं.

"सोड, लंका."

"नाय सोडणार."

"का? एक कारण सांग मला."

कारण लंकाबाईच्या ओठावर होतं. तिनं सायलीकडं पाहिलं, आणि तोंड मिटून घेतलं. पण मनगट काही सोडलं नाही.

"आत्या," सायली म्हणाली, "मला एचआयव्ही हाय."

छातीवरचे हात तिनं काढले नाहीत.

"माझ्या पोराला रोज औषध देते ते त्याच्यासाठीच. मी गोळ्या खाते, त्याला औषध हाय, म्हणून त्याला चालतं. हिला नाय चालणार, आत्या. हिला मी नाय पाजणार. तुम्ही मला मारलंत तरी नाय."

भागीबाईचा हात ढिला पडला. तिनं विचारलं, "अमोल?"

"त्यांनापण हाय."

भागीबाईनं नातीला उचलून छातीशी धरलं आणि ती मागं सरकली, पार भाताच्या कणगीला पाठ लागेपर्यंत. ते सरकणं लंकाबाईनं पाहिलं आणि तिला रागही आला, रडूही आलं. "भागीबाय, शिवल्यानं होत नाय, एका ताटात जेवल्यानं होत नाय," असं ती सांगायला लागली. भागीबाईचं तिकडं लक्षच नव्हतं.

"हिनं याच्या आधी कधी पिलंय का तुझं?" तिनं सुनेला विचारलं.

"नाय. सोमवारी तुम्ही बाजाराला गेलात, अंजलीताई झोपल्या होत्या, तवा लय रडली. मी कानात बोळे घातले आणि पाठ करून बसले." इथं मात्र सायलीला हुंदका आवरेना.

बाहेर जीपचा हॉर्न वाजला. भागीबाई उठली, नातीला टॉवेलात गुंडाळलं आणि एकटीच बाहेर पडली. सायलीनं पेटी उघडली. औषधाची बाटली आणि गोळ्या पिशवीत टाकल्या, मग दोन लुगडी, मग पोराचे सगळे कपडे. रक्त द्यायला जाताना एवढे कपडे कशाला, हे लंकाबाईला समजलं. ही परस्पर माहेरी जायच्या तयारीनं निघाली होती.

जीप कोंबून भरलेली होती. लंकाबाई आणि सायलीला मागच्या बाकावर जागा मिळाली, समोर भागीबाई, तिच्या शेजारी ठमाबाई. ठमाबाई म्हणजे गावातली जुनी बाई, कुणाच्या घरात काय शिजलं हे तिला वासावरून कळतं. पहिल्याच वळणावर पोरीनं पुन्हा टाहो फोडला.

"सायले, अगं भाची ना तुझी?" ठमाबाई म्हणाली. "घे की पदराखाली. कशी रडून लाल झालीय."

जीपमधल्या सगळ्या बाया सायलीकडं बघायला लागल्या. सायली पोराला घट्ट धरून खाली बघत बसली. लंकाबाईनं तोंड उघडलं, पण आज एवढ्या थापा मारून झाल्या होत्या की नवी एक सुचेना.

"तिला कोणी काय बोलू नका," भागीबाई म्हणाली. तिनं सुनेकडं बघितलं नाही. "मीच नको म्हणले. आईबिगर दुसऱ्या कुणाचं दूध आमच्या घरात चालत नाय."

ठमाबाई तिच्या तोंडाकडं बघतच राहिली. भागीबाई दोन्ही बाळंतपणांत आजारी पडली होती, तेव्हा अमोलला आणि अंजलीला ठमाबाईनंच आपल्या अंगावर पाजलं होतं.

"कवापासून चालत नाय गं?" तिनं विचारलं.

"आजपासून," भागीबाई म्हणाली, आणि तिनं ड्रायव्हरला गाडी जोरात घ्यायला सांगितली.