दम गेला

एकेकाळी भीमराव कबड्डीच्या चढाईला निघाला की समोरच्या गड्यांना घाम फुटायचा. आता तोच भीमराव साधं ‘चहा’ म्हणायला गेला तरी जीभ अडखळायची, आणि अंबरनाथ पश्चिमेतले लोक एकमेकांना कोपरानं ढोसायचे. दुपारीच लावून आलाय बघ! अरे, ज्या माणसानं आयुष्यात घोटभर घेतली नाही, त्याच्या माथी हे! डॉक्टरांनी सांगितलं होतं, मोटर न्यूरॉनचा आजार आहे. आधी जीभ जाते, मग पाय, शेवटी श्वास. बरं करणारं औषध नाही.

मग त्याच्या बायकोनं, शालननं हट्टच धरला. जवळच्याच कॅम्प चार वस्तीच्या मैदानावर कबड्डीची स्पर्धा होती. “वाचा जायच्या आत तुम्ही स्वतः माइकवर सांगा. कुणाची जीभ जड झाली तर हसू नका, डॉक्टरकडे न्या म्हणावं.” नवरा दारुडा म्हणून जगातून जाऊ नये, एवढंच तिला हवं होतं.

फायनलच्या आधी भीमराव काठी टेकत मैदानात उतरला. बोलला खरा, पण भोंग्यातून नुसता घोळ ऐकू आला. मागून कुणीतरी ओरडलं, “काका, आज कितवी क्वार्टर?” शालनच्या अंगाची लाही लाही झाली. भीमरावानं माइक देऊन टाकला, मध्यरेषेवर पाय ठेवला आणि दम धरला. कबड्डी, कबड्डी, कबड्... संपला. तोंड उघडं, छाती नुसती उडतेय.

मैदान गप्प झालं. आता कळलं यांना, असं शालनला वाटतंय, तोवर पंच श्यामकांतनं शिट्टी फुंकली आणि हात वर केला. “दम गेला! बाद!” जन्माची सवय त्याची, मेल्याच्या मनात वाईट काही नव्हतं. पण पब्लिक खदाखदा हसलं. टाळ्या काय, ‘वन्स मोअर’ काय! काकांनी मस्त कॉमेडी केली म्हणे.

भीमराव वळला आणि बाद झालेले गडी बसतात तिथे, रेषेबाहेर मातीत जाऊन बसला. शालन धावली. “उठा हो, घरी जाऊ.”

त्यानं मान हलवली. त्याचं बोलणं आता तिलाच तेवढं समजायचं. “आपल्यातल्या कुणालातरी त्यांचा गडी मारू दे,” तो म्हणाला, “मग मी जिवंत.”

खेळाचा नियमच तो. आपल्या माणसानं समोरचा गडी मारला की बाद झालेला जिवंत होऊन आत येतो. शालननं मैदानाकडे पाहिलं. भीमरावाच्या बाजूनं तिच्याशिवाय कुणीच उरलं नव्हतं, आणि तिला खेळता येत नव्हतं.