ठाणेदाराची ड्युटी

"खाल्लं! अवो धुरपता, हातातून खाल्लं त्यानं!"

सायकल भिंतीला टेकवायचंही भान इश्वरला राहिलं नाही. ती अंगणातच आडवी झाली आणि दाणे टिपणाऱ्या कोंबड्या चौफेर उधळल्या. ओट्यावर झिंगे निवडत बसलेल्या धुरपतानं मान वर करून पाहिलं. अड्याळच्या ढोरांच्या दवाखान्यात एकतीस वर्षं परिचर म्हणून काढलेला, चार महिन्यांनी रिटायर होणारा तिचा नवरा उजवा हात पुढे करून उभा होता. पाचही बोटं जागेवर होती.

"कोनं खाल्लं जी?"

"ठानेदारानं! ह्या हातातून! अन् वरून चाटलं. पाय, अजून ओला हाय."

"मंग धुवा ना तो हात."

"धुतो ना, कायची घाई हाय?" असं म्हणून इश्वर ओट्यावर बसला आणि हाताकडेच बघत राहिला.

आता यात एवढं नाचण्यासारखं काय, असं कोणालाही वाटेल. पण ज्याला इश्वर माहीत आहे त्याला वाटणार नाही. पंचक्रोशीतल्या जनावरांचं आणि इश्वरचं उभं वैर होतं. त्यात त्याचा दोष एवढाच, की डॉक्टरांनी सुई टोचायची आणि इश्वरनं जनावर धरायचं. धर, दाब, पाड, बांध, यातच त्याची नोकरी गेली. त्याच्या खाकी शर्टाचा वास आला की गाई दावं तोडायला बघत, बकऱ्या पांगत, त्याची सायकल गल्लीत शिरली की कुत्री घरापर्यंत पोचवायला येत. घरची म्हैससुद्धा तो गोठ्यात आला की पान्हा चोरायची. धुरपता त्याला हसून म्हणायची, "तुम्ही गोठ्यात नोका येऊ जी, चहा काळा प्यावा लागन." तोही हसायचा. पण हसून झाल्यावर आपलाच खाकी शर्ट हुंगून बघायचा, हे तिनं पाहिलेलं होतं.

आणि ठाणेदार म्हणजे काही साधं कुत्रं नव्हतं. मारोतराव शेठच्या राईस मिलवरचा तो काळा, रुंद छातीचा राखणदार. दिवसभर गिरणी घरघरत असे तेव्हा तो भुशाच्या ढिगाजवळ साखळीला बांधलेला, खुशाल झोपलेला असायचा. संध्याकाळी गिरणी बंद झाली की साखळी सुटायची आणि त्याचा पहारा सुरू व्हायचा. मग सकाळी मागच्या दारानं शिरून कोणी गिरणीचा पट्टा फिरवेपर्यंत खुद्द शेठसुद्धा फाटकाच्या आत पाऊल टाकत नसत. नऊ वर्षांत गिरणीतून धानाचा एक कट्टा, एक पोतं चोरीला गेलं नाही. त्या बदल्यात मीटर बघायला आलेला माणूस, दोन हमाल आणि एकदा तर शेठचे जावई एवढ्यांना त्यानं दात दाखवले होते. जावयांना नुसते दाखवले नव्हते.

यंदा दिवाळीनंतर त्याचा डावा जबडा सुजला. दवाखान्याच्या नव्या डॉक्टर, रक्षा मॅडम, यांनी गुंगीची गोळी देऊन त्याला एकदा तपासलं, नागपूरला नमुना पाठवला. हाडाचा कॅन्सर निघाला. दुखणं औषधाला जुमानेना. मागच्या आठवड्यात पाठीवर कट्टा घेऊन जवळून जाणाऱ्या हमालाच्या पोटरीला त्यानं सात टाके पाडले, तेव्हा मारोतराव दवाखान्यात येऊन मॅडमसमोर हात जोडून उभे राहिले.

"सोडवा त्याले, मॅडम. त्याचे हाल मले पाहावत नाही. इश्वर, तुयाकडं तो फासा हाय ना?"

फासा होता. लांब बांबूला दोरीचा फास, दवाखान्याच्या मागच्या खोलीत खुंटीला टांगलेला. वीस वर्षांपूर्वी असाच एक कुत्रा तिघांनी मिळून त्या फाशात धरला होता आणि बांबू इश्वरच्या हातात होता. सुई लागून जीव जाईपर्यंत तो कुत्रा झगडत होता. शेवटी त्यानं कोणाकडे पाहिलं, हे इश्वरनं आजपर्यंत धुरपतालाही सांगितलं नव्हतं.

"फासा नाही," मॅडम म्हणाल्या. "मला आठ दिवस द्या. जाताना तो घाबरलेला नको. इश्वरभाऊ, रोज चार वाजता तुम्ही त्याच्याकडे जायचं."

"मी? मॅडम, मले पाहून आंधळं वासरूही पळते."

"मी तीन दवाखाने सांभाळते. तुम्ही इथे राहता. दुसरं कोण आहे?"

मग मॅडमनी कागदावर नियमच लिहून दिले. खाकी घालायचं नाही. फिनेलचा वास नको, आंघोळ करून जायचं. डोळ्यांत बघायचं नाही, अंग चोरून तिरपं बसायचं. रोज तीच वेळ, तीच जागा, तेच भांडं, आणि आवाज सारखा राहावा म्हणून काहीतरी बोलत राहायचं. मारोतरावांनी आपला एक जुना शर्ट रात्रभर गिरणीत टांगून ठेवला, भुशाच्या वासाचा झाल्यावर इश्वरला दिला. धुरपतानं अळणी मऊ भात आणि वाळल्या झिंग्यांचा पातळ रस्सा शिजवला. अड्याळात अशी सरबराई एखाद्या व्याह्याची होत नाही.

पहिल्या दिवशी इश्वर तीस हातांवर बसला आणि ठाणेदार साखळी ताणून भुंकत राहिला. बोलायचं काय, हेच इश्वरला सुचेना. जनावराशी तो आयुष्यात बोललाच नव्हता, बोलला असेल ते त्याला धरलेल्या माणसांशी. शेवटी ठाणेदारच आहे म्हटल्यावर त्यानं रिपोर्ट द्यायला सुरुवात केली. "साहेब, आज दवाखान्यात गाई दोन. एक लंगडी. बोकड एक, पोट फुगलेलं. कोंबड्या सतरा, मालकीन एक, बम बडबडनारी." गिरणी मागं घरघरत होती. रिपोर्ट संपेपर्यंत भुंकणं थांबलं होतं.

तिसऱ्या दिवशी तो दहा हातांवर होता. पाचव्या दिवशी ठाणेदारानं त्याच्यासमोर झोपून दाखवलं. आणि आज सहाव्या दिवशी हातातून भात खाल्ला. हात धुवायला माणूस घाई करेल कशी?

सातव्या दिवशी मॅडमच्या सांगण्यावरून इश्वरनं खाऊ घालता घालता सुईऐवजी बंद पेनाचं टोक त्याच्या मांडीला टेकवलं. एकदा, दोनदा, तीनदा. ठाणेदारानं मान वळवून नुसतं पाहिलं आणि पुन्हा भांड्यात तोंड घातलं. इश्वर उड्या मारायचाच काय तो बाकी राहिला. तडक सायकल मारत दवाखान्यात आला.

"मॅडम, पेन लावला! काहीच नाही केलं त्यानं! मॅडम, तो आता चांगला झाला ना. मंग कायले..."

मॅडमनी हातातली बाटली खाली ठेवली.

"आज भांड्यात रक्त होतं का, इश्वरभाऊ?"

इश्वर खाली बघू लागला. रक्त चार दिवसांपासून येत होतं. तो भांडं गिरणीच्या नळावर घासून ठेवायचा आणि कोणाला सांगायचा नाही.

"तो बरा झालेला नाही," मॅडम हळूच म्हणाल्या. "तो फक्त तुमच्याशी बरा झालाय."

घरी येऊन इश्वर जेवला नाही. धुरपतानं ताट झाकून ठेवलं आणि त्याच्याजवळ येऊन बसली.

"मी सात दिवस त्याले फसवलं वो," इश्वर म्हणाला. "भरोसा द्याचा अन् सुई टोचाची. ह्याच्यापक्षा फासा बरा. फासा खोटं तं नाही बोलत."

"तुम्ही उद्या नाही गेले तं काय होईन?"

"मंग फासाच."

"मंग जा," ती म्हणाली. "मी झिंगे जास्तीचे टाकते."

आठव्या दिवशी, गोळ्या चढायला वेळ हवा म्हणून, दोन वाजताच इश्वरनं भातात गुंगीच्या गोळ्या कालवून ठाणेदाराला खाऊ घातल्या. पिसाळलेला बैलही ज्याला घाबरेल असा तो धटिंगण चाटून पुसून भांडं रिकामं करून बसला. साडेतीनपर्यंत डोळे जड झाले, मान पायांवर टेकली. सगळं ठरल्याप्रमाणे होत होतं. इश्वरच्या मनात नुसतं दुःख नव्हतं. आयुष्यात पहिल्यांदा एक जनावर त्याच्या हातून न झगडता जाणार होतं आणि ते त्याला साधून दाखवायचं होतं.

चार वाजता मॅडमची स्कूटर फाटकाबाहेर उभी राहिली. तेवढ्यात मारोतराव ऑफिसातून बाहेर आले, डोक्यावरची टोपी काढली आणि आत जाऊन गिरणीचं बटण बंद केलं. पट्टे थांबले. हमाल हातातले कट्टे खाली ठेवून भिंतीला लागून उभे राहिले. आवार चिडीचूप झालं.

आणि ठाणेदार उठला.

पाय लटपटत होते, तरी उठला. मानेवरचे केस ताठ झाले. त्यानं फाटकाकडे बघून गुरगुरायला सुरुवात केली आणि मग साखळीला असा हिसका दिला की खुंटा हलला. फाटकातल्या मॅडम जागीच थांबल्या.

"इश्वरभाऊ, मागे सरका! हा असा खवळला तर गोळ्यांचा काही उपयोग नाही."

"इश्वर, फासा आन!" मारोतराव ओरडले. "तुले फाडन तो!"

इश्वर मागे सरकला नाही. तिरपा बसला, खाली बघितलं आणि रिपोर्ट सुरू केला. "साहेब, आज दवाखान्यात..." पण ठाणेदाराचं त्याच्याकडे लक्षच नव्हतं. तो फाटकाकडे बघत होता, मग भिंतीकडे, मग हमालांकडे, पुन्हा फाटकाकडे. हे काहीतरी इश्वरच्या ओळखीचं होतं. गिरणीवरून संध्याकाळी सायकलनं जाताना फाटकाच्या फटीतून त्यानं कितीदा तरी ते पाहिलं होतं. हा राग नव्हता. हा पहारा होता.

"शेठ!" इश्वर बसल्या जागेवरून ओरडला. "गिरनी चालू करा! गिरनी काहून बंद केली?"

"अरे, माती द्याच्या येळी गिरनी चालवते का कोनी?" मारोतरावांनी टोपी छातीशी धरली. "नऊ वर्षं घर राखलं त्यानं. एवढा तं मान..."

"शेठ, गिरनी बंद झाली का त्याची ड्युटी चालू होते! तुम्ही त्याले कामावर उभं केलं! चालू करा!"

मारोतराव टोपी खिशात कोंबून धावले. साठी ओलांडलेला, गुडघे धरून चालणारा माणूस आत असा धावला की हमाल बघतच राहिले. बटण खाली गेलं, मोटार घुमली, पट्टे फिरले. रिकामी गिरणी चालवू नये म्हणून एकानं कट्टा उचलला, तर मारोतरावांनी तो त्याच्या हातून घेतला आणि धान स्वतः ओतलं. घरघर आवारभर पसरली, पायाखालची जमीन रोजच्यासारखी थरथरू लागली.

ठाणेदाराचे कान खाली आले. त्यानं फाटकाकडे एकदा शेवटचं पाहिलं, स्वतःभोवती दोन गिरक्या घेतल्या आणि भुशावर बसला. मग मोठा श्वास सोडून आडवा झाला. आता दिवस होता. आता बाकीचे जागे होते.

मॅडम भिंतीच्या कडेकडेनं आल्या आणि भरलेली सिरिंज इश्वरच्या हातात देऊन मागे उभ्या राहिल्या. इश्वर सरकत अगदी जवळ गेला. डावा हात त्यानं तोंडाशी धरला. ठाणेदारानं तो हुंगला, चाटला, आणि शेपटी भुशावर दोनदा आपटली. आठ दिवसांत ती कधी हलली नव्हती.

"साहेब, रिपोर्ट," इश्वर म्हणाला. आवाज सारखा ठेवायचा, असं कागदावर लिहिलेलं होतं. "आज दवाखान्यात गाई तीन. म्हैस एक. घरी गेल्या सगळ्या." पेनाचं टोक मांडीला एकदा लावलं, दोनदा लावलं. तिसऱ्यांदा सुई होती. ठाणेदारानं मान वळवून नुसतं पाहिलं आणि तोंड पुन्हा इश्वरच्या हातावर ठेवलं. "गावात चोरी नाही. गिरनीत चोरी नाही. सगळे कट्टे जागेवर, साहेब."

थोड्या वेळानं ते डोकं जड झालं. मॅडमनी पापणीला बोट लावून बघितलं, पंजा ओढून बघितला. मग पुढच्या पायाच्या शिरेत दुसरं इंजेक्शन दिलं. त्यांनी छातीला स्टेथोस्कोप लावला आणि बराच वेळ लावून ठेवला. गिरणीच्या आवाजात त्यांना किती ऐकू येत होतं कोण जाणे. शेवटी त्यांनी इश्वरकडे बघून मान हलवली.

दारात उभ्या असलेल्या मारोतरावांनी हात बटणावर ठेवला आणि लांबूनच खुणेनं विचारलं, करू का बंद?

इश्वरनं मोकळा हात वर केला. दुसऱ्या हातावर अजून डोकं होतं.

"राहू द्या शेठ," तो म्हणाला. "आताच झोपला. बंद केली तं उठन तो."

हमालानं आणखी एक कट्टा फोडून धान ओतलं. त्या दिवशी गिरणी दिवे लागले तरी चालू होती.